निम्म्यावर आलेलं बिल

मंथन वडगावच्या घरातूनच बेंगळूरच्या कंपनीचं काम करायचा. घरून काम करण्याचा खर्च कंपनी देणार होती, म्हणून तो आकडेमोड करायला बसला. इंटरनेट झालं, खुर्ची झाली. लाइट बिलापाशी मात्र तो अडला. दिवसभर कॉम्प्युटर चालूनही बिल निम्म्यावर आलं होतं.

दिवसभर कानाला असलेले हेडफोन काढून त्यानं वडिलांना विचारलं, "आप्पा, बिल एवढं कमी कसं आलं?"

"घरामागं परड्यातला साडीचा विजेवरचा माग बंद हाय की."

"बंद? आवाज येतो म्हणून मी मीटिंगपुरता थांबवा म्हणालतो!"

"व्हय रं. मीटिंग संपली का बघायला रोज तुझ्या खोलीच्या दारापत्तूर यायचो," आप्पा म्हणाले. "पर तू बोलतच असायचास."