दुसऱ्यांदा आलेली घंटागाडी

गावाबाहेरच्या एका खासगी गोदामात साठवलेल्या रासायनिक कचऱ्याला आग लागली. जालन्याहून बंब निघाले होते, पण पिवळा धूर वस्तीकडे सरकू लागला होता. 'दारं-खिडक्या लावून घ्या, कुणीही बाहेर येऊ नका,' असं सांगायला नगरपंचायतीकडे भोंगा होता तो फक्त घंटागाडीवर. म्हणून तीच गाडी गल्लोगल्ली फिरवली. चालकाने सूचना लावण्याआधी सवयीने घंटा वाजवली.

"आम्ही समद्याजणी बादल्या घेऊन बाहेर आल्तो गं," शेजारच्या साधनाकाकू डोळ्यांना पदर लावून सांगत होत्या. "तुझी माय मला म्हणे, आज दुसऱ्यांदा कशी आली बया, इलेक्शन लागलं की काय! आम्ही आपलं हसून राह्यलो होतो, अन् धूर आला."

आईला दमा होता. ती दवाखान्यापर्यंत पोचली नाही. तरीही काकूंचं ऐकताना मला क्षणभर हसू आलं, आणि स्वतःची शरम वाटली.

दहावं झाल्यावर मुख्याधिकारी भेटायला आले. हळूच म्हणाले, "सूचना तर आम्ही दिली होती, ताई. आईंना कमी ऐकू यायचं का?"

उत्तर द्यायची मलाच लाज वाटली.



"नाही साहेब. घंटा वाजली की गल्लीत सगळ्यांच्या आधी बाहेर येते, म्हणून गेल्या गांधी जयंतीला तुम्हीच तिचा सत्कार केला होता."