मीटर खोटं बोलत नाही

"कुणालाही सांगा, खोटंच वाटेल," डिझायनर छाती फुगवून म्हणाला, "पण या घरात तीन माणसं एका बादलीत आंघोळ करतात. तीही शॉवरखाली, मनसोक्त!"

बिल्डरनं एक भुवई वर केली. त्याची नवी इमारत गच्चीपर्यंत उभी होती, फक्त बाथरूमं ओकीबोकी होती. प्रत्येक घरात हाच शॉवर लावायचा की नाही, ते आज ठरणार होतं. हो म्हणाला, तर डिझायनरचं नशीब उघडणार. नाही म्हणाला, तर सोमवारपासून मेहुण्याच्या फरशीच्या दुकानात बसायचं, असं बायकोला कबूल करून झालं होतं. मेहुणा तर आत्ताच म्हणू लागला होता, "या दाजी, गल्ला सोडून कुठंही बसा."

डिझायनरच्या घरचं बाथरूम मात्र बघत राहावं असं होतं. हात धुतलेलं पाणी बेसिनमधून थेट फ्लशच्या टाकीत जायचं. नळाखाली हात धरला की पाणी, काढला की बंद. आणि वर तो पितळी शॉवर, राजहंसानं मान वळवावी तसा. त्यातून पाणी पडत नसे, तरंगत खाली येई.

बिल्डर वाकला. "फरशी कोरडी ठणठणीत?"

"थेंब वाया जाईल तर फरशीला मिळेल ना!"

"साबणावरची अक्षरंसुद्धा शाबूत आहेत."

"पाणी कमी, म्हणून साबण कमी झिजतो. तो फायदा तर आम्ही धरलेलाच नाही."

पण बिल्डर कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "माणसं काय, काहीही बोलतात. मीटर दाखवा."

मीटर दाराबाहेर होतं. स्वयंपाकाचं पाणी सोडलं, तर त्यात जवळजवळ काहीच नव्हतं. बिल्डरनं त्यावर टिचकी मारली, डिझायनरला आत पाठवून नळ सोडायला लावला. काटा धावला. नळ बंद केला, काटा थांबला.

"मीटर खोटं बोलत नाही," तो पुटपुटला.

तेवढ्यात डिझायनरचे वडील फेरफटका मारून परतले. भांग चोपून पाडलेला, मानेवर पावडर.

"आबा, शॉवर कसा काय?" बिल्डरनं विचारलं.

"काय सांगू! अंग कसं पिसासारखं हलकं होतं. आंघोळीला कधी एकदा जातो असं होतं बघा."

मागोमाग बायको आली, ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून.

"वहिनी, एवढे लांब केस. शाम्पू निघतो का हो?"

"चुटकीसरशी," ती म्हणाली आणि हळूच सासऱ्यांकडे बघितलं. सासरे छताकडे बघत होते.

"आणि तुम्ही स्वतः?"

"मी?" डिझायनर हसला. "रोज पहिली आंघोळ माझी! आधी स्वतः करतो, मग जगाला सांगतो."

बिल्डरचं समाधान झालं. त्यानं हात पुढं केला. डिझायनरनंही केला. आणि हातात हात पडणार, तोच बेल वाजली.

दारात शेजारचे काका. एकटा जीव, तोंडानं फटकळ. कमरेला टॉवेल, डोक्यापासून छातीपर्यंत साबणाचा फेस, एक डोळा गच्च मिटलेला.

"पाणी! माझी टाकी आटली. बादलीभर द्या आधी, डोळा जळतोय!"

बायको बादलीकडे धावली. बिल्डरनं तिला थांबवलं. त्याचा चेहरा उजळला होता.

"बादली कशाला, काका? आत शॉवरखाली जा. डोळ्यांदेखत परीक्षा होऊन जाऊ दे!"

"त्या धुक्याखाली?" काका कडाडले. "तिथं साबण निघत असता, तर हे घर माझ्या दारात कशाला आलं असतं?"

बिल्डर डिझायनरकडे वळला, पण काका बोलतच सुटले.

"एकट्या माणसाची टाकी ती, किती पुरणार? ही सूनबाई येते. 'काका, यांना कळू देऊ नका हं, फार जीव ओतलाय त्यांनी.' हे आबा फिरायला म्हणून निघतात नि माझ्या बाथरूमपर्यंतच फिरतात. 'पोराचं मन मोडेल,' म्हणतात. एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही, आणि मी आपला गप्प!"

सासरे आणि सून एकमेकांकडे बघतच राहिले.

डिझायनरचा चेहरा पडला. "आबा, तुम्हीसुद्धा? आणि तू? अगं, घरच्यांनीच पाठ फिरवली तर जगानं का विश्वास ठेवावा माझ्यावर?" त्यानं बाहीनं डोळे पुसले. बिल्डरलाही गलबलून आलं. त्यानं बिचाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

काकांनी फेस निपटला आणि जळका डोळा उघडला.

"गळा कसला काढतोस, लेका! पहिली आंघोळ तुझीच, पण माझ्या घरी. टॉवेल अजून ओला लटकतोय माझ्या दोरीवर."