किप्पूरची घागर

किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी दार लावून कडक उपास करायचा, पण त्याआधी दुखावलेल्या माणसाची माफी मागायची, ही मिल्काबाईंची बेने इस्रायली ज्यूंची रीत. बहात्तरच्या दुष्काळात नळावर त्यांनी शेजारच्या केराबाईला पाणीचोर म्हटलं होतं. काल माफी मागायला गेल्या, तर ती वळसंगला माहेरी गेलेली. आज पांढरं लुगडं नेसून त्या प्रार्थनेला बसल्या, पण मन लागेना. तेवढ्यात बाहेर नळ आला आणि माहेराहून परतलेल्या केराबाईचाच आवाज चढला, “वैनींचा उपास हाय. त्यांची घागर भरल्याबिगर कुणाचाबी नंबर लागनार न्हाय!” मिल्काबाईंनी रीत मोडून दार उघडलं. “केरा, चुकले गं. माफ कर.” “केलं की! पर आदी दार लावा, सण मोडंल,” म्हणत केराबाईनं बाहेरून दार ओढून घेतलं. नंतर दिवसभर मिल्काबाईंनी देवाकडं काही मागितलंच नाही. नुसत्या त्याचे आभार मानत राहिल्या.