दरीखालचं गाव

संगणकावरच्या खेळातल्या टिल्लूला दरीत पाडणं हे केतकीचं कामच होतं. खेळ बाजारात जाण्याआधी त्यातली प्रत्येक दरी दिवसाला चारशे उड्या मारून तपासायची. नव्या आवृत्तीत टिल्लूला शिकणारं मन दिलं होतं, त्यामुळे हल्ली तो कड्यावर आला की पाऊल मागे घ्यायचा. मग केतकी बटण दाबून त्याला ढकलायची.

आज तो दरीच्या भिंतीला घासत पडला, आणि ‘खेळ संपला’ ही पाटी आलीच नाही. पडदा खाली सरकत राहिला. तळाशी कुणीही न आखलेलं गाव होतं. नाण्यांनी रचलेली घरं, आणि दारोदार टिल्लूच टिल्लू. दहाबाराजणांनी पडणाऱ्याला चादरीत अलगद झेललं.

कंपनीने टिल्लूला ‘हुर्रे’ एवढा एकच शब्द दिला होता. तरी एका लंगड्या टिल्लूच्या डोक्यावर अक्षरं उमटली, “लागलं का रे? आता भिऊ नकोस. ढकलणारी वरच राहते.”

केतकीने बटणावरचं बोट उचललं.

“किती उड्या झाल्या गं?” मागून तिच्या वरिष्ठ नाडकर्णी मॅडमनी विचारलं.

“एकतीस,” ती कशीबशी म्हणाली.

पडद्यावर त्या दहाबाराजणांनी चादर पुन्हा ताणून धरली आणि माना वर केल्या.