वीस वर्षांनंतरचा जामीनदार

उद्या बायकोचं हृदयाचं ऑपरेशन. त्यामुळे मसाला-कांडपाच्या मशीनसाठी कर्जाचा अर्ज भरताना मोरेश्वर दाभाड्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

"काका, जामीनदार म्हणजे वीस वर्षांनंतरचे तुम्हीच. पण आपण मधे बोलायचं नाही हं," असं बजावून बँकेतल्या रेवतीने फोन जोडला.

"कर्ज फिटलं का?" तिने विचारलं.

"फिटलं," पलीकडून दाभाड्यांचाच म्हातारा आवाज आला. नियमाप्रमाणे त्याने लगेच फोन ठेवायचा. पण तो मुद्दाम थांबला. तेवढ्यात मागून कुणीतरी खेकसलं, "अहो, चहा निवतोय! किती वेळ तो फोन?"

"अभिनंदन काका, कर्ज मंजूर!"

दाभाडे डोळे पुसत उठले. "ते राहू दे गं. आधी हिला सांगून येतो, म्हातारपणीही तू माझ्यावर अशीच खेकसणार आहेस!"