नवव्या वर्षाचा डाग

मिरजेच्या दवाखान्यात मनाच्या जुन्या जखमांचा फोटो निघू लागला, तशी रेवती मागेच लागली, म्हणून वसुधा तिच्यासोबत आली. धाकट्या बहिणीची जखम पडद्यावर बघायची तिला मुळीच हौस नव्हती. आई गेली तेव्हा रेवती चार वर्षांची होती. तेव्हापासून सगळे नातेवाईक 'बिचारी पोर' म्हणत तिच्याच डोक्यावरून हात फिरवत आले होते. आता यंत्रही तेच करणार, या विचारानं वसुधाच्या पोटात दुखत होतं.

दोघींचे फोटो निघाले. डॉक्टरबाईंनी रेवतीचा पडद्यावर लावला. तो स्वच्छ होता. वसुधाला आतून बरं वाटलं आणि लगेच त्याची लाजही वाटली.

तिच्या स्वतःच्या फोटोत मात्र मधोमध काळा डाग होता.

"वय वर्षं नऊ," बाई म्हणाल्या. "तेव्हा काय झालं होतं?"

"मला कुठं काय? आई गेली तेव्हा. पण ही लहान होती ना."

"यांची जखम भरली. जवळ घेणारं कुणी असलं की भरते."

"ताई होती," रेवती म्हणाली. "वर्षभर मी तिच्याच कुशीत झोपायचे."

"आणि ताईला कोण घ्यायचं?"

रेवतीला ताई मिळाली आणि आपल्याला कुणीच नाही, याचाच हा इतक्या वर्षांचा जळफळाट होता, हे वसुधाला उमगलं. पंचेचाळिसाव्या वर्षी, परक्या बाईसमोर, ती आईसाठी पहिल्यांदा रडली. रेवतीनं खुर्ची ओढली आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं.