थोरला जावई

हेल्मेट कुठे आहे, असं हवालदारानं विचारलं, तेव्हा देवीदासनं मागे बसलेल्या पुंडलिकरावांकडे बोट दाखवलं. म्हाताऱ्या माणसाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, सौसरहून डोळे तपासून, नवा चष्मा घेऊन येतोय, ऊन चढायच्या आत घरी पोचायचं म्हणून घाईत निघालो, असं बरंच काही त्यानं सांगितलं. हवालदारानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि गाडीचे कागद मागितले. कागद घरी होते. पांढुर्णा जेमतेम पाच किलोमीटर राहिलं होतं. हवालदारानं खांद्यावरच्या पिशवीतून पावतीचं मशीन काढलं.

तेवढ्यात मागून पुंडलिकराव म्हणाले, "श्रीकांत साहेबाले ओळखता का? जिल्ह्याच्या ऑफिसातले. ते माहे जावई होत."

मशीन पिशवीत परत गेलं. हवालदारानं पुंडलिकरावांना हात धरून लिंबाच्या सावलीत नेलं, पाण्याची बाटली पुढे केली, आणि साहेबांनी आपल्या भावाचा अडकलेला कागद कसा एका दिवसात काढून दिला ते सांगितलं. मग सहज देवीदासकडे मान वळवून विचारलं, "अन् हे कोण?"

"हा? हा माहा भासा."

खोटं नव्हतंच ते. देवीदास पुंडलिकरावांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. पण याच मामाची थोरली मुलगी जयवंता बारा वर्षांपूर्वी त्यानं केली होती. म्हणजे तो भाचा तर होताच, पण या घरचा थोरला जावईही होता. मामांना मात्र तो जन्मल्यापासून भाचाच दिसत आला. जावयाचा मान कसा असतो, हे त्याला कळलं ते श्रीकांत धाकटा जावई होऊन आल्यावर. आता धोंड्याचा महिना चालू होता. जावयांना जेवायला बोलवायचं, पाय धुवायचे, वाण द्यायचं, तर श्रीकांतला सवड होईल तो रविवार ठरला. देवीदासला मामांचा निरोप आला तो असा, की तू तर घरचाच, तूही त्याच दिवशी ये, आणि येताना पत्रावळी घेऊन ये.

गाडी पुन्हा रस्त्याला लागली. मामा मागे खुशीत होते. नुसतं नाव घेतलं आणि काम झालं, हे त्यांनी तीनदा सांगितलं. देवीदास जळत होता. ऑपरेशनच्या दिवशी दुकानाला कुलूप लावून दवाखान्यात बसला तो हा. दीड महिना दिवसातून चार वेळा डोळ्यात थेंब टाकायला धावत गेला तोही हाच. श्रीकांतनं एकदा फोन केला, आणि त्या फोनची गोष्ट मामांनी साऱ्या मोहल्ल्याला ऐकवली. ही मोटारसायकलसुद्धा श्रीकांतनं कार घेतल्यावर देवीदासकडे आली होती, आणि मामा अजून तिला साहेबाची गाडी म्हणत. पोलिसाच्या दंडातून सुटायचं, तेही श्रीकांतच्या पुण्याईनं. यापेक्षा दंड परवडला, असं त्याला वाटलं, आणि वाटलं तसं त्यानं ब्रेक दाबला. गाडी वळवली.

"काहून रे? काही राहिलं का तिथं?"

"हाव. राहिलं."

हवालदार आता दुसऱ्या कुणाची गाडी अडवून उभा होता. देवीदास सरळ त्याच्यासमोर जाऊन थांबला आणि माझी पावती फाडा म्हणाला. हवालदाराला आधी थट्टा वाटली. मग साहेबांकडे तक्रार गेली की काय, म्हणून तो थोडा घाबरलाही. त्यानं नाही-होय करून पाहिलं, जाऊ द्या म्हणून पाहिलं, शेवटी हात जोडले. देवीदास अडून बसला.

"मीबी यायचा जावईच होय. थोरला," तो मामांकडे बोट दाखवून म्हणाला. "हेल्मेट मी नाई घातलं. माही पावती फाटलीच पाहिजे."

हवालदारानं पुंडलिकरावांकडे पाहिलं. ते नव्या चष्म्यातून समोरच्या संत्र्याच्या बागेतली झाडं मोजत होते. शेवटी हवालदारानं खाली वाकून गाडीचा नंबर मशीनमध्ये घातला, देवीदासनं मोबाईलवरून पैसे भरले, आणि मशीनमधून पांढऱ्या कागदाची पट्टी बाहेर आली. कित्येक दिवसांत देवीदासला इतकं मोकळं वाटलं नव्हतं. श्रीकांतचं नाव न घेता, स्वतःच्या पैशानं, ताठ मानेनं तो सुटला होता. ते मामांना कळायलाच हवं होतं. पट्टीकडे न बघताच त्यानं ती त्यांच्या हातात दिली.

"वाचा मामा. डॉक्टरनं रोज थोडं वाचाले सांगतलं हाय ना."

मामांनी चष्मा नाकावर नीट बसवला. पट्टी आधी लांब धरली, मग जवळ आणली. दोन वर्षांत त्यांनी छापलेलं अक्षर वाचलं नव्हतं. ओठ हलायला लागले.

"गाडी मालक," त्यांनी वाचलं. थांबले. मग बोट पुढे सरकवलं. "श्री... कांत. श्रीकांत. पिता, रघुनाथराव."

देवीदासचा हात हँडलवर तसाच राहिला. गाडी नावावर करून घ्यायचं तीन वर्षं राहूनच गेलं होतं.

मामांचा चेहरा मात्र उजळला होता. डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं.

"पाह्य देवीदास," ते म्हणाले, "एकबी अक्षर नाई चुकलो." आणि बोट पुन्हा पहिल्या ओळीवर ठेवून ते मोठ्यानं वाचायला लागले.